दगडाची घडण आणि माणसाचा श्वास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली होती. मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वजन हे आपल्या आखाती जीवनाचे त्रिकूट असल्याने त्यावर बोलणे मला सोपे होते. परंतु गेल्या हिवाळ्यात आपण सारे हत्ता येथे सहलीला गेलो असताना एक लहानसा प्रसंग घडला आणि माझा विषय बदलला. वाडीच्या कोरड्या पात्रात मुले दगड वेचत होती. त्यांपैकी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने हिरवट, तुकतुकीत असा एक दगड माझ्या हातात ठेवला आणि विचारले, "डॉक्टरकाका, हा ओला नाही, तरी साबणासारखा का लागतो?" मी वैद्यकाचा विद्यार्थी, भूशास्त्राचा नव्हे. त्या वेळी थातूरमातूर उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. मात्र घरी आल्यावर ते उत्तर मला टोचू लागले. गेले वर्षभर मी या विषयावर जे वाचले, ज्या अभियंता मित्रांना विचारून समजून घेतले, त्याचे सार आज मांडणार आहे. ते आरोग्याबाहेरचे नाही, हे शेवटी आपल्या ध्यानात येईलच.

प्रथम त्या मुलीचा दगड. हत्ता, मसाफी, फुजैरा, खोरफक्कान या पट्ट्यातले तपकिरी-काळे डोंगर आपण मोटारीतून जाता-येता पाहतो. हे डोंगर मुळात डोंगर नव्हेत; तो समुद्राचा तळ आहे. सुमारे 9.5 कोटी वर्षांपूर्वी महासागराच्या तळाखाली तयार झालेले कवच आणि त्याच्याही खालचा खडक पृथ्वीच्या हालचालींनी उचलला गेला आणि अरबस्तानच्या काठावर येऊन बसला. ओमानपासून अमिरातींपर्यंत पसरलेला हा प्रचंड तुकडा जगभरच्या भूशास्त्रज्ञांचे तीर्थक्षेत्र मानला जातो. एरवी समुद्रतळाखाली कित्येक किलोमीटर खोल असणारा खडक येथे माणसाला चालत जाऊन हाताने चाचपता येतो.

त्या खालच्या खडकाचे नाव पेरिडोटाइट. त्यात ऑलिव्हीन नावाचे खनिज भरपूर असते. ऑलिव्हीन जड, टणक आणि कोरडे असते. परंतु भेगांतून पाणी आत शिरले की ऑलिव्हीन ते पाणी केवळ शोषून घेत नाही. ते आपल्या अंगाचा भाग करून घेते आणि स्वतःच दुसरे खनिज होते. त्याला सर्पेंटाइन म्हणतात. सापाच्या कातडीसारखी हिरवी-काळी नक्षी त्यावर दिसते, म्हणून हे नाव. शंभर ग्रॅम सर्पेंटाइनमध्ये सुमारे 13 ग्रॅम पाणी असते, आणि तरीही तो दगड हाताला कोरडाच लागतो. खडक फुगतो, त्याची घनता सुमारे 3.3 वरून 2.6 च्या आसपास उतरते, फुगल्यामुळे त्याला आणखी भेगा पडतात आणि त्या भेगांतून आणखी पाणी आत जाते. टणक दगड मऊ होतो. ज्याने लोखंडाला दाद दिली नसती त्यावर चाकूचा ओरखडा उमटतो. बाळ, तुझ्या दगडाचा साबणासारखा स्पर्श हे त्याच्या पोटातल्या पाण्याचे काम आहे. ते पाणी खनिजाच्या अतिशय पातळ पापुद्र्यांमध्ये बांधलेले असते.

आता व्यवहार पाहा. आपल्यातील जे बंधू रस्ते आणि बांधकाम यांत आहेत ते जाणतात की काँक्रीटसाठी फुजैराकडील गॅब्रोची खडी मागितली जाते. तीच डोंगररांग, कित्येकदा शेजारचीच टेकडी. पण गॅब्रोतली खनिजे एकमेकांत घट्ट गुंतलेली आणि बहुतेक ताजी असतात, म्हणून तो दाब सोसतो. सर्पेंटाइन झालेला खडक खडीला नको असतो. तो झिजतो, त्याच्या चपट्या ढलप्या निघतात. वाळवंटात वाळूला काय तोटा, असे गावाकडचे पाहुणे विचारतात. पण वाऱ्याने घासून गोल आणि बारीक केलेले टेकाडांवरचे कण सिमेंटला नीट धरत नाहीत. म्हणून वाळूच्या देशात डोंगर फोडून वाळू करावी लागते.

मात्र खडीला निरुपयोगी ठरलेला हा मऊ दगड येथल्या प्राचीन माणसाने टाकून दिला नाही. शारजाच्या पुरातत्त्व संग्रहालयात किंवा रास अल खैमाच्या संग्रहालयात गेलात तर करड्या-हिरव्या मऊ दगडाची भांडी अवश्य पाहा. त्यावर मध्ये टिंब असलेल्या वर्तुळांची नक्षी कोरलेली असते. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, तांब्या-काशाच्या युगात, याच डोंगरांतला पालटलेला दगड कोरून ती घडवली आणि त्यांतली काही समुद्रमार्गे दूरवर पोहोचली. आपल्याकडे ज्याला शंखजिरे म्हणतात त्याच्याच जातकुळीतला हा दगड. तो विस्तवावर तडकत नाही, कोरायला सोपा आणि उष्णता धरून ठेवणारा. म्हणजे दगड चांगला की वाईट, असा प्रश्नच चुकीचा. तो कशाने बनला, त्याचे पुढे काय झाले आणि त्याचे कण एकमेकांशी कसे बसले आहेत, यावर त्याचे काम ठरते.

याच डोंगरातल्या पेरिडोटाइटला हवेतील कार्बन डायऑक्साइड दगडात बांधून ठेवण्याच्या कामी लावता येईल का, याचा प्रायोगिक प्रकल्प 2023 मध्ये फुजैरात जाहीर झाला. ऑलिव्हीन जसे पाणी धरते तसाच पाण्यात विरघळलेला हा वायूही धरते आणि त्याचे पांढरे कार्बोनेट होते. वाड्यांच्या काठांवर दिसणाऱ्या पांढऱ्या शिरा हे तेच काम, निसर्गाने सावकाश केलेले.

या सर्पेंटाइनचे एक भावंड मात्र माझ्या व्यवसायाच्या ओळखीचे निघाले. सर्पेंटाइनचा प्रत्येक पापुद्रा दोन थरांचा असतो. एक थर सिलिकाचा, दुसरा मॅग्नेशियमचा. दोहोंची मापे किंचित जुळत नाहीत. उन्हात घातलेला पापड एका बाजूने आधी वाळला की कसा वळतो ते आपल्या भगिनींना सांगायला नको. काही सर्पेंटाइनमध्ये पापुद्रे सपाट राहतात, काहींत ते लाटांसारखे होतात आणि काहींत असेच वळून त्यांची सुरळी होते. सुरळी म्हणजे धागा. त्या धाग्याचे नाव क्रायसोटाइल, म्हणजेच पांढरा ॲस्बेस्टॉस. रासायनिक घटक जवळजवळ तेच, घडण वेगळी. सपाट पापुद्र्यांचा दगड आपण शोभेला ठेवतो, आणि सुरळीचा धागा फुप्फुसात गेला तर वीस-तीस वर्षांनंतर कर्करोग होऊन बाहेर येतो. या देशाने 2006 साली ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर बंदी घातली. भारतात मात्र क्रायसोटाइलच्या सिमेंट पत्र्यांवर सरसकट बंदी आजही नाही. आपल्या किती वस्त्यांतली समाजमंदिरे आणि किती घरे त्याच पत्र्यांखाली उभी आहेत, हे आपण प्रत्येकाने आठवून पाहावे. पत्रा शाबूत असेल तर घाबरू नये; पण तो कापणे, घासणे, फोडणे हे स्वतः करू नये आणि पोरांना तर करू देऊच नये. मुलीचा तो दगड माझ्या टेबलावर आहे. तो अखंड, गुळगुळीत आहे, त्यात धाग्यांची शीर नाही. मी तो तिला परत देणार आहे. फक्त घरी हातोडीने फोडून पाहू नकोस.

आता मी आपणांस आपल्या मुलखात नेतो. गॅब्रो आणि आपल्या दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, ही रासायनिकदृष्ट्या सख्खी भावंडे आहेत. एकाच प्रकारचा वितळलेला रस जमिनीत खोल राहून सावकाश थंड झाला तर त्याचे कण डोळ्यांना दिसतील एवढे मोठे होतात, तो गॅब्रो. तोच रस भूपृष्ठावर येऊन झटपट थंड झाला तर कण बारीक राहतात, तो बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर या रसाचे थरावर थर पसरले आणि आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. तेव्हा दुबईच्या उंच इमारतीतली खडी आणि आपल्या गावाच्या विहिरीचा चिरा यांत नाते आहे. परदेशात आलो तरी आपण दगडाच्या बाबतीत फारसे घर सोडले नाही.

या बेसाल्टवर पाण्याने काय केले, ते मराठवाड्यातला प्रत्येक शेतकरी जाणतो. फक्त त्याची नावे वेगळी आहेत. ताजा तो काळा पाषाण. त्यातली खनिजे पालटू लागली, तो ठिसूळ झाला, की मुरूम. मुरूम आणखी कुजला की काळी माती. तिच्यातली खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की भेगाळतात, म्हणून उन्हाळ्यात आपल्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. घर पाषाणावर बांधावे, रस्त्याला मुरूम घालावा आणि कापूस काळीत लावावा. तिन्ही एकच दगड, तीन वयांचा. कोकणात जास्त पावसाने याच खडकातले बरेचसे विद्राव्य घटक वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम उरले आणि जांभा झाला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे तो हा जांभ्याचाच मुलूख. खाणीतून काढताना जांभा कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि उघड्यावर वाऱ्या-उन्हात ठेवला की घट्ट होतो. पाषाण उघड्यावर दुबळा होतो आणि जांभा उघड्यावर बळावतो. याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

माझी या दगडाशी पहिली ओळख 1972 च्या दुष्काळातली. अर्थात मला ती आठवत नाही. मी दोन वर्षांचा होतो. आई खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर होती आणि मी लुगड्याच्या झोळीत होतो. सुकडी आणि लाल मिलो यांवर ते वर्ष निघाले, हे आपल्यातील अनेकांनी आपापल्या घरी ऐकले असेल. दुष्काळ सरला, पण आईची खडी सुटली नाही. पुढे आठ-नऊ वर्षे ती ठेकेदाराकडे खडी फोडत होती. माप ब्रासवर. ती सांगे की सगळा दगड सारखा फुटत नाही. "काळा निब्बर दगड हातोडी परत फेकतो, आणि डोळ्यांचा दगड मुकाट फुटतो." डोळ्यांचा दगड म्हणजे ज्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहून पुढे त्या पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरल्या तो. कोणत्या बाजूने घाव घातला की दगड पाहिजे तसा उकलेल, हे तिला कोणी शिकवले नव्हते. वडार, पाथरवट आणि जात्या-पाट्याला टाकी लावत गावोगाव हिंडणारे टकारी यांच्याजवळ हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. त्या ज्ञानाला आपल्या समाजाने विद्या म्हटले नाही, एवढेच.

अजिंठ्याला आपण सारे जातो. तेथे आपण चित्रे पाहतो, मूर्ती पाहतो. दगड पाहत नाही. थरावर थर बसलेल्या बेसाल्टमध्ये सर्वांत घट्ट थर कोरीव कामाला सर्वांत चांगला, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. घट्ट थर थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या सांधी पडतात. त्या सांधींतून पाणी झिरपते. उलट, डोळ्यांच्या दगडाचे काही थर कमी सांधींचे, अधिक अखंड असतात. पुण्याच्या अभियांत्रिकी भूशास्त्रज्ञांनी बोगदे आणि धरणे यांच्या कामांत हा भेद फार महत्त्वाचा मानला. लेणी कोरणाऱ्यांना तो दोन हजार वर्षांपूर्वी कामातून कळलेला असणार, कारण एवढी रुंद छते सांधींच्या जाळ्याखाली उभी राहिली नसती. जेथे भेग निघाली किंवा मधला लाल मातकट थर लागला तेथे त्यांनाही त्रास झाला, आणि पाणी झिरपण्याचा त्रास अजिंठ्याच्या चित्रांना आजही आहे. 24 क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले म्हणून काम कसे चाले ते दिसते. छतापासून सुरुवात करून खाली उतरत जायचे. पाड बांधायला नको आणि वरचा दगड अंगावर येण्याची भीती कमी.

आणि रंग! अजिंठ्याचा निळा रंग बाहेरून, अफगाणिस्तानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडातून आला. परंतु तांबडा-पिवळा रंग गेरू आणि पिवळ्या मातीचा, आणि हिरवा रंग याच बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेल्या हिरव्या मातीचा. ज्या पालटामुळे दगडाला डोळे आले त्याच पालटाने बोधिसत्त्वांच्या चित्रांना हिरवाई दिली. आई जो हिरवा भुगा हातोडीखालून फुंकून टाकी, तो तोच.

त्याच पोकळ्यांत झिओलाइट नावाची पांढरी, गुलाबी स्फटिके सापडतात. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींतली ही स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत विकत घेतली जातात. 1756 साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे खनिज तापवले तेव्हा त्यातून पाण्याची वाफ उसळली, म्हणून त्याने त्याला 'उकळणारा दगड' या अर्थाचे नाव दिले. त्याची घडण पोळ्यासारखी असते. आत ठरावीक मापाची बिळे. हे मी एरवी सांगितलेही नसते. परंतु 2021 च्या मे महिन्यात, आपल्यातील अनेकांचे आई-वडील गावी प्राणवायूसाठी तडफडत असताना, भारतात झिओलाइट विमानांनी आणवले जात होते. ते कारखान्यात बनवलेले झिओलाइट. घडण मात्र तीच. प्राणवायू वेगळा काढणाऱ्या यंत्रात हवा झिओलाइटवरून सोडतात, नायट्रोजन त्या बिळांत धरला जातो आणि प्राणवायू पुढे निघून येतो. त्या महिन्यात आपल्या मंडळातील तरुणांनी वर्गणी काढून गावी जी लहान यंत्रे पाठवली, त्यांच्याही पोटात हाच दगड होता. दगडाने श्वास दिल्याचे हे उदाहरण. आता उलट बाजू.

बेसाल्टच्या पोकळ्यांत कधीकधी झिओलाइट नसून निव्वळ सिलिका भरते. तो अकीक. हा शब्द अरबीही आहे. येथल्या बाजारात अंगठीचा खडा मागताना आपण तोच शब्द वापरतो. दख्खनच्या थरांतून सुटलेला अकीक गुजरातेत रतनपूरच्या परिसरात खणतात आणि खंबायतेला त्याचे मणी करतात. पिवळट-तपकिरी खडा तापवला की त्यातल्या लोहाच्या संयुगातले पाणी जाते आणि तो लाल होतो. डोंगरात पाण्याने दगडाचा पालट केला; येथे माणूस विस्तवाने तेच पाणी काढून लावतो. असे लाल मणी अमिरातींतील चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत सापडले आहेत, अल ऐनजवळ हिली येथेही. म्हणजे आपण नोकरीसाठी विमानाने येथे उतरण्यापूर्वी फार आधी आपल्या खडकाचे खडे येथे गळ्यात पडले होते.

पण ते मणी घासणाऱ्यांचे काय झाले? खंबायतेच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिस हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. घासण्याचे चाक घरातच किंवा घराशेजारी असल्याने धूळ बायका-मुलांनाही लागे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बेसाल्टमध्येही वजनाने जवळजवळ निम्मा भाग सिलिकाच असतो. मग त्याची धूळ आणि अकिकाची धूळ यांत भेद काय? भेद घडणीचा. बेसाल्टमधली सिलिका ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांच्याशी बांधली जाऊन फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन झालेली असते. अकिकात, गारगोटीत, वालुकाश्मात ती मोकळी असते, स्फटिकरूप. असा स्फटिक नुकताच फुटला की त्याचा ताजा पृष्ठभाग फार उग्र असतो. पाच सहस्रांश मिलिमीटरहून बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जातो. तेथल्या रक्षक पेशी त्याला गिळतात आणि गिळून स्वतः मरतात. मरताना त्याला पुन्हा बाहेर टाकतात आणि दुसरी पेशी त्याला गिळते. त्या जागी व्रण होतो, फुप्फुस दगडासारखे घट्ट होते. धूळ बंद झाली तरी रोग थांबेलच असे नाही, आणि क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. यावर बरे करणारे औषध आजही नाही.

माझ्या आईने आठ-नऊ वर्षे दगडाची धूळ खाल्ली. तिला चुलीच्या धुराचा खोकला आहे, गुडघे गेले आहेत, डाव्या डोळ्याजवळ कपचीचा व्रण आहे. पण फुप्फुस सिलिकोसिसने गेले नाही. तिचे पुण्य म्हणून नव्हे. तिच्या वाट्याला बेसाल्ट आला म्हणून. राजस्थानात करौली, धोलपूर, जोधपूरकडे तिच्याच वयाच्या ज्या माणसांनी तेवढीच वर्षे वालुकाश्म फोडला, त्यांच्या गावांत सिलिकोसिसने गेलेल्यांच्या विधवांच्या वस्त्या झाल्या. राजस्थान सरकारला 2019 साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले. आणि बंधू-भगिनींनो, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील आपल्या स्तूपाच्या बांधकामात धोलपूरचा वालुकाश्म वापरला आहे. 2001 साली त्या स्तूपाचे लोकार्पण झाले. मी तेथे अनेकदा नतमस्तक झालो आहे, पुढेही होईन. परंतु तो दगड कोणी कापला असेल, हा विचार मला अगदी अलीकडे सुचला, याची मला शरम वाटते. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असे आपण मुलांना सांगतो. त्या म्हणीत दगडाचे सोसणे आहे. टाकी धरणाऱ्याचे नाही.

आता मला एक कबुली द्यायची आहे. 2009 च्या सुमारास माझ्याकडे एक रुग्ण आला. मराठवाड्याचाच, वय अडतीस. धाप लागणे, वजन उतरणे, कोरडा खोकला. छातीच्या फोटोवर दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात ठिपके. मी तंबाखूचे विचारले, तापाचे विचारले, घरात कोणाला क्षय होता का ते विचारले. काम काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "दगडाचं काम करतो, किचनचे ओटे." मी 'मजूर' असे लिहिले आणि पुढे गेलो. थुंकीच्या तपासण्या निर्दोष आल्या, तरी मी क्षयाचा संशय धरला. तो गावी परतला, तेथे क्षयाची औषधे घेतली. गुण आला नाही. 2014 मध्ये त्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला, तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता. मी त्याला एकच प्रश्न विचारला नव्हता: दगड कोणता?

तो कृत्रिम दगड कापत होता. आज आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात हा दगड आहे. गारगोटीचा चुरा राळेत घट्ट बसवून तो करतात आणि त्यात मोकळी सिलिका 90 टक्क्यांहून अधिकही असू शकते. संगमरवरात ती जवळजवळ नसते, ग्रॅनाइटात साधारण पाव ते तिसरा हिस्सा. घरात बसवलेल्या ओट्यापासून आपल्याला काही धोका नाही; तो कोरडा कापणाऱ्याला आहे. इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत या कामातल्या तरुण माणसांना, काहींना थोड्याच वर्षांत, सिलिकोसिस झाल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदी घातली. माझ्या रुग्णाच्या वेळी मला हे ठाऊक नव्हते, असे म्हणून मी सुटू शकतो. पण गारगोटीच्या धुळीने काय होते, हे तर मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो होतो. मला फक्त दगड आणि दगड यांत फरक असतो, हे लक्षात आले नाही. दगडावर वाढलेल्या मला.

म्हणून आज मी मधुमेहावर बोललो नाही. आपल्या मंडळाच्या कुटुंबांत अभियंते आहेत, लेखापाल आहेत, परिचारिका आहेत. आणि सोनापूरच्या, मुसाफाच्या, अजमानच्या खोल्यांतून आज सुट्टी घेऊन आलेले बंधूही समोर बसले आहेत. त्यांना माझे सांगणे साधे आहे. फरशी, ओटा, काँक्रीट कापायचे असेल तर पाणी सोडून कापा. कापडी रुमाल धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण अडवणारा मुखवटा मागा. वाळूचा फवारा मारून लोखंड साफ करण्याचे काम असेल तर कोणती वाळू आहे ते विचारा. खोकला दोन-तीन आठवडे राहिला, चढण चढताना धाप लागू लागली, तर डॉक्टरकडे जा आणि तो न विचारता आपणच सांगा की मी अमुक दगड कापतो, इतकी वर्षे. डॉक्टर घाईत असेल, मीही असतो, तरी सांगा. येथे बसलेल्या अभियंता बंधूंना विनंती अशी की ओट्याचा दगड घरी आणताना रंगाबरोबर तो कशाचा आहे आणि कोठे, कसा कापला, हेही विचारावे. पाण्याची नळी आणि मुखवटे यांचा खर्च कंत्राटात लिहून घेणे आपल्याच हाती असते.

आई 2016 साली महिनाभर येथे येऊन राहिली होती. तिला मी फुजैराला घेऊन गेलो. वाटेत डोंगर फोडून काढलेल्या खडीचे ढीग, पट्टे, चाळण्या दिसल्या. तिने मोटार थांबवायला लावली, खाली उतरून रस्त्याकडेचा एक गॅब्रोचा तुकडा उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाली, "आपल्याच दगडावानी हाय. निब्बर हाय." मग बराच वेळ त्या धुळीकडे पाहत उभी राहिली.

"इथली खडी कोन फोडतं?"

"यंत्र फोडतं, आई."

"आन् यंत्रापाशी कोन हाय?"

मी मोटारीत पाण्याची बाटली शोधू लागलो.

वेळ बराच झाला आहे आणि मुलांचा कार्यक्रम खोळंबला आहे. ज्यांना आपल्या कामातला दगड मला दाखवायचा असेल त्यांनी भोजनानंतर भेटावे. काहींनी तुकडे आणले आहेत, असे कळले. जयभीम.